भाऊंची पंगत

"सरका जरा, सगळे मावतात."

हे भाऊंचं वाक्य. लिफ्टमध्ये, कँटीनच्या बाकड्यावर, पूजेच्या जेवणात, सगळीकडे हेच. बोलताना दोन्ही तळवे समोरासमोर धरायचे आणि हळूच जवळ आणायचे, मध्ये खरोखरच माणसं उभी असल्यासारखे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल बघा, ज्याला कोणी एकटं जेवताना दिसलं की घास उतरत नाही.

लोअर परळच्या आमच्या ऑफिसात भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि मी स्टोअर सांभाळायची. राहायला ते डिलाईल रोडच्या चाळीत. पन्नाशी उलटली तरी केस सगळे शाबूत, आणि त्याचा केवढा तो अभिमान! चाळीतल्या प्रत्येक पंगतीत वाढपी म्हणून पुढे हेच.

पुढे त्यांना नव्या सोशल मीडियाचं वेड लागलं. मला समजावून सांगायचे, "हा कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. कोणीही आपला सर्व्हर चालू करावा, म्हणजे आपलं घर बांधावं. आणि ही घरं एकमेकांशी बोलतात."

"म्हणजे चाळच की."

"चाळच. फक्त घरमालक नाही." एवढे खूश झाले की मला चहा पाजला.

पण प्रत्येक घरात तोच संसार नव्याने. मालवणी जेवणाचा एक समुदाय दादरवाल्यांच्या सर्व्हरवर, एक प्रभादेवीवाल्यांच्या, एक आमच्या. सोलकढी का फाटली, हा प्रश्न तीन ठिकाणी, आणि उत्तर एकाही ठिकाणी नाही. भाऊंना हे बघवेना. वेगवेगळ्या सर्व्हरवरचे सारखे समुदाय एका गटात बांधायची युक्ती ते कुठूनशी शिकले. एकात लिहिलं की सगळ्यांना दिसायचं. ऑफिस सुटलं की बसायचे बांधत.

माझ्या कालवणाच्या समुदायात आम्ही मूठभर बायका सुखाने होतो. भाऊंनी गट बांधला आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी बांगड्यात टोमॅटो घालायला सांगत होतं. मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेले. "भाऊ, ही माणसं माझ्या घरात कशाला आणलीत?"

"सरका जरा," ते म्हणाले. मला राग आला आणि हसूही आलं.

मग त्यांनी गावं हातात घेतली. आपल्याकडे कोकणातल्या गावागावाचं मुंबईत एक मंडळ असतं, आणि ते कधी ना कधी फुटतं. कधी पालखीवरून, कधी भजनातल्या माइकवरून. एका गावाच्या नावाचे दोन समुदाय भाऊंना दिसले. एकात अख्खी गावकी, दुसऱ्यात चार-दोन घरं. दोन्ही सर्व्हर भाऊंनीच फुकटात उभे करून दिलेले, पण आत कोण काय लिहितं ते कधी वाचायचे नाहीत. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणे. मंडळ फुटलं असेल, एवढं ते धरून चालले.

"अहो, आधी विचारा तरी," मी म्हटलं.

"विचारलं की भांडण आठवतं. न विचारता शेजारी शेजारी पान मांडलं की माणसं गुमान जेवतात. आयुष्यभर वाढलंय मी, मला शिकवू नको."

आणि त्यांनी ते दोन समुदाय बांधले.

ते मंडळ फुटलेलं नव्हतं. धाकट्या समुदायातलं मुख्य घर गावकीने वाळीत टाकलेलं होतं. देवळाजवळच्या जमिनीवरून घरधन्याने पोलिसात तक्रार केली, एवढाच अपराध. तो वारला तेव्हा खांदा द्यायला गावचं कोणी फिरकलं नाही. त्याची बायको परळला राहायची. मुलीचं लग्न ठरलं, तसं तिने त्या धाकट्या समुदायाच्या आडोशाला आमंत्रण लिहिलं. खाली चुलत सासरची, माहेरची माणसं लपूनछपून लिहीत होती, "आम्ही येतो, कोणाला कळू देऊ नकोस."

भाऊंनी समुदाय बांधले त्याच्या दुसऱ्या सकाळी गावकीने फोन उघडले, तर सगळ्यात वर ते आमंत्रण आणि खाली नावांसकट ती उत्तरं. रविवारी गावकी बसली. जो लग्नाला जाईल तो वाळीत, असं ठरलं.

ती बाई ऑफिसात आली. आवाजही चढवला नाही. "भाऊनू, आमी येगळे रवलेलो ता सुखान नाय," एवढंच बोलली आणि माझ्या स्टुलावर बसून राहिली.

भाऊंनी गट सोडवला. पण जे वाचलं गेलं ते कसं सोडवणार? मग हा माणूस घरोघर फिरला. डिलाईल रोड, प्रभादेवी, वडाळा. लग्नाला या म्हणत, नाव दिसलेल्या प्रत्येकाच्या दारात उभा राहिला. "भाऊ, तुम्ही आमच्या गावचे नाही," एकाने सांगितलं, "उद्या आमच्या म्हातारीला खांदा द्यायला तुम्ही येणार का?" भाऊ हो म्हणाले. त्या माणसाने दार लावून घेतलं. मला त्या दाराचा राग आजही येतो, आणि खरं सांगू, भाऊंचाही येतो. इतकं चांगलं असू नये माणसाने, की समोरच्याला विचारायचंही राहून जावं.

लग्नाला मी भाऊंबरोबर गेले. परळचा छोटा हॉल. बाईने हट्टाने पंगत ठेवली होती. इतकी वर्षं हिला कोणी पंगतीत बसवलं नव्हतं, म्हणून मुलीच्या लग्नात तरी पंगतच हवी. केळीची पानं मांडून झाली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. नवऱ्याकडची माणसं एका बाजूला बसली. मुलीकडची ओळ मोकळी.

भाऊ भाताचं पातेलं घेऊन वाढायला निघाले. त्या ओळीशी आले आणि थांबले. मग पातेलं खाली ठेवलं आणि मधल्या एका पानावर जाऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता भाऊ इथे नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत नोकरी सोडून गावी गेले, सर्व्हर बंद केले, फोन उचलत नाहीत. त्यांची खुर्ची नव्या माणसाला दिली. माझ्या कालवणाच्या बायकाही पांगल्या. टोमॅटोवालीचीसुद्धा आठवण येते.

पण भाऊ म्हटलं की मला तो हॉल दिसतो. मुलीच्या आईने स्वतः येऊन त्यांच्या पानावर भात वाढला, वरण वाढलं, तूप सोडलं. भाऊंनी मान वर केली नाही. मग तिने पातेलं बाजूला सारलं, पदर खोचला आणि त्यांच्या अगदी बाजूला येऊन उभी राहिली.

"जरा सरका, भाऊनू."

दोन्ही बाजूंनी सगळी ओळ रिकामी होती. तरी भाऊ सरकले.