मागच्याला द्यायचा इशारा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. भीती वाटते म्हणून नव्हे, कंटाळा येतो म्हणून. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये दहा वर्षं काढली. तिथे दिवे गेले की मुली एकमेकींना घाबरवायच्या आणि मी पांघरूण ओढून झोपून जायचे. तेव्हा खाली लिहिलेलं वाचून कुणी हसलं, तर मला राग येणार नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हसले असते.

आम्ही माधवनगरला राहतो. माझे काका फौजेत डिस्पॅच रायडर होते, म्हणजे मोटारसायकलवरून एका तुकडीचे निरोप दुसऱ्या तुकडीला पोचवणारे. पेन्शनीत आल्यावर त्यांनी जुनी बुलेट घेतली. आमच्या भागात मोटारसायकली तशा मोजक्याच, आणि चालवणाऱ्यांत फौजेतले बरेच. त्यांचा आपसात एक रिवाज आहे. समोरून येणाऱ्याने डावा हात बाहेर काढून पंजा दोनदा खाली दाबला, तर पुढे धोका आहे असं समजायचं. आपण वेग कमी करायचा, हात वर करून ‘कळलं’ म्हणायचं, आणि आपल्या मागून कुणी येत असेल तर थांबून त्याला तोच इशारा द्यायचा.

“आपल्यापाशी आलेला इशारा आपला नसतोय पोरी, मागच्याचा असतोय,” काका म्हणायचे. “आन् मागं बसणाऱ्यानं नुसतं बसायचं न्हाई. माजं ध्यान चुकलं, तर तू सांगायचं. वराडून सांगायचं! माजा डावा कान गेलेला हाय.”

ओरडणं मला जमत नाही. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर केलेला नाही कधी.

डिसेंबरची सुट्टी होती. कुंडलला आत्याकडे काका मला सोडायला निघाले होते. सकाळी नऊचं स्वच्छ ऊन. तासगावच्या अलीकडे समोरून एक सायकलवाला येत होता, त्याने हात खाली केला असं मला वाटलं आणि मी सगळा धीर एकवटून ओरडले, “काका, इशारा!” काकांनी करकचून ब्रेक मारला. सायकलवाला घाबरून रस्त्याच्या कडेला उतरला. तो हाताला चिकटलेलं काहीतरी झटकत होता.

काका पोट धरून हसले. “आगं, त्यो हात झाडतोय! तुमच्या कॉन्व्हेंटात हेच शिकवत्यात व्हय?”

पुढे पलूसला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी तो किस्सा हॉटेलवाल्यालाही सांगितला. तिथली चार-पाच माणसंही हसली. मी रस्त्याकडे पाठ करून, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले. हे सांगतेय त्याला कारण आहे.

पलूस मागे पडलं. दोन्ही बाजूंना तोडीला आलेला ऊस, डोक्याहून उंच. गाडी खोकायला लागली, म्हणून काका पेट्रोल रिझर्व्हवर घ्यायला खाली वाकले. नेमक्या त्याच क्षणी पुढच्या वळणावरून एक मोटारसायकल आली. चालवणाऱ्याच्या अंगात फौजी हिरवी जर्सी, डोक्याला तपकिरी मफलर, मागे दोरीने बांधलेली काळी ट्रंक. त्याने डावा हात काढला आणि पंजा खाली दाबला. एकदा. दोनदा. तो काकांकडे बघत नव्हता… माझ्याकडे बघत होता.

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पुन्हा सगळे हसतील, एवढंच मनात आलं.

काका सरळ झाले, आम्ही वळण घेतलं. रस्ता मोकळा होता. डावीकडे उसातून येणारी गाडीवाट, तीही रिकामी. बरं झालं बोलले नाही, असं मला वाटलं — हे मला चांगलं आठवतं. मी एका बाजूला बसले होते; तो माणूस दिसतो का म्हणून मान वळवून मागे पाहत राहिले.

म्हणून सगळं दिसलं. उसाने भरलेली बैलगाडी त्या वाटेने अचानक रस्त्यावर चढली. आमच्या मागून, वळणावरून मोटारसायकल आली. ब्रेकचा आवाज आला, मग दुसरा आवाज, जो मी इथे लिहू शकत नाही.

काकांनी बुलेट वळवली आणि वळणाच्या तोंडाशी रस्त्यात आडवी लावली, म्हणजे मागून येणारा अडेल. गाडीवान डोक्याला हात लावून बसला होता. “म्या न्हाई वो बगितला… आवाजच न्हाई आला…”

“ते मागनं,” काका म्हणाले. “आदी बैलं सोड. पोरी, त्येचं डोस्कं धर, हलू देऊ नगंस.”

मी डोकं मांडीवर घेतलं. तपकिरी मफलर. हिरवी जर्सी. काळी ट्रंक रस्त्याच्या कडेला उघडी पडली होती. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. तो शुद्धीवर होता. “गाडी बंद करा,” म्हणाला, “प्येट्रोल सांडतंय… कुणीतरी बिडी वडंल.”

थोड्याच वेळात आणखी दोन मोटारसायकली थांबल्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. एकाने शर्ट फाडून पाय बांधला, दुसरा जीप आणायला कारखान्याकडे सुसाट गेला. मी मनात एकच गोष्ट घोळवत होते : हा माणूस आत्ता समोरून आला, आम्हाला सावध केलं, मग काहीतरी विसरलं म्हणून परत वळला असेल. मी बोलले असते, तर काका वळणावर थांबले असते. त्याला हात दाखवला असता.

त्याचं नाव संपत. कुंडलचाच, फौजेत नोकरी, महिन्याच्या सुट्टीवर आलेला. मिरजेच्या दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली. काका दर रविवारी जायचे. मी तिसऱ्या रविवारी गेले. पाय वाचला होता, पण आखूड झाला होता, आणि पलटणीत परत घेणार नाहीत हे त्याला कळून चुकलं होतं. सात वर्षांची नोकरी. काका मोसंबं सोलत होते. मी रात्रभर पाठ केलेली वाक्यं म्हणून टाकली.

“तुम्ही आम्हाला इशारा केलात. तो मी पाहिला होता. काकांना सांगितला नाही. मला माफ करा.”

संपतने माझ्याकडे मान वळवली. “मी इशारा केला? कवा?”

“वळणाच्या अलीकडे. तुम्ही समोरून आलात तेव्हा.”

“आवं ताई, मी समोरनं कशाला येतोय? मिरजेत गाडीतनं उतरलो, दोस्ताची मोटारसायकल घिऊन घराकडं निगालो हुतो. पलूसला तुमच्या बुलेटच्या शेजारीच च्या पीत हुतो की. तुमी निगाला, मागनं मी निगालो. त्यो सायकलवाल्याचा किस्सा ऐकून हसलोबी.”

काकांचे हात थांबले. “व्हय,” ते हळूच म्हणाले. “ती काळी ट्रंक मी तितं बगितली हुती.”

कुणी म्हणेल, पलूसला मी त्याला ओझरतं पाहिलं असेल आणि नंतर आठवणींची गल्लत झाली. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण इशारा मी अपघाताच्या आधी पाहिला. त्या वेळी रस्त्यावर बैलगाडी नव्हती. आणि समोरून दुसरी मोटारसायकल गेलीच नाही, असं संपत शपथेवर सांगतो.

संपतने मला विचारलं, “कसा हुतो ओ मी, तवा? धड हुतो?”

“हो,” मी म्हटलं. “गाडी अगदी सरळ चालली होती.”

त्याने मान हलवली. पांघरुणाखालच्या पायावर हात ठेवला, आणि अजिबात न रागावता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं म्हणाला, “मग सांगितलं का न्हाई ओ ताई?”

या दोन वर्षांत मी पुष्कळांना विचारलं — आमच्या फिजिक्सच्या सरांना, एका डॉक्टरांना. समोरून आलेला तो माणूस कोण होता, याचं उत्तर कुणाकडेही नाही, माझ्याकडेही नाही. संपतने जे विचारलं, त्याचं मात्र होतं, आणि ते मी त्याला तिथेच, काकांसमोर दिलं.

“मला लाज वाटली,” मी म्हटलं.