सारखं बंद पडणारं खातं

घोरपड हे नाव तिला थोरल्या भावानं लहानपणीच दिलं होतं. एकदा धरलं की सोडायची नाही, म्हणून. लग्नानंतर नोकरी सुटली. पण मुलं हाताशी आल्यावर तिनं नव्यानं शिकून रक्तपेढीच्या संगणक विभागात काम धरलं. डेटाबेसची सगळी देखभाल तिच्याकडेच.

त्या सकाळी पर्स खांद्यावरून उतरते न उतरते तोच फोन खणखणला. खालून डॉक्टरीणबाई बोलत होत्या, "अगं, एकही नोंद उघडत नाहीये! ऑपरेशनसाठी रक्त द्यायचंय. हातानं तपासतोय, पण असं किती वेळ रेटणार?"

पडद्यावर लिहून येत होतं: पासवर्ड चुकीचा, खातं बंद. रक्तपेढीतले सगळे संगणक याच एका खात्यातून डेटाबेसमध्ये शिरत. तिनं खातं उघडून दिलं. हुश्श म्हणेपर्यंत ते पुन्हा बंद!

विभागाच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "कालच पासवर्ड बदलून मी सगळीकडे नवा घातलाय. असं कर, पासवर्डच काढून टाक तात्पुरता."

"नाही साहेब. लोकांच्या रक्ताच्या नोंदी आहेत त्या. दार सताड उघडं नाही टाकायचं. चुकतंय कोण ते शोधते."

"आणि नाही सापडलं तर?"

"न सापडून जातंय कुठं!"

सर्व्हर ठणठणीत होता, जोडणीही नीट. मग तिनं सर्व्हरनं टिपून ठेवलेल्या चुका वाचल्या. जुना पासवर्ड नेटवर्कवरच्या एकाच पत्त्यावरून, दम न खाता येत होता. सारखं चुकलं की खातं आपोआप बंद व्हायचं, आणि एकापायी सगळेच अडकायचे. पण हा पत्ता कुठल्या संगणकाचा, कुणालाच सांगता येईना. लॅपटॉप काखेत मारून ती त्या पत्त्याकडे जाणाऱ्या तारेचा माग काढत निघाली. जिना, बोळ, आणि शेवटी रक्ताच्या पिशव्यांची थंड खोली. दात वाजत होते, तरी फ्रिजमागं वाकून तिनं पाहिलं. धुळीनं माखलेला एक संगणक फ्रिजचं तापमान नोंदवत बसला होता. त्याला नवा पासवर्ड द्यायचं साफ राहून गेलं होतं.

तिनं त्याची जोडणी तोडली, लॅपटॉपवरून खातं उघडलं आणि श्वास रोखून वाट पाहिली. या वेळी खातं टिकलं. सगळीकडे नोंदी भराभर उघडू लागल्या.

"रक्त गेलं गं ऑपरेशनला!" डॉक्टरीणबाईंनी दारातूनच सांगितलं. "ये आता बाहेर, गारठशील."

"आलेच. याला आधी स्वतःचं वेगळं खातं देते. तापमान कुणीतरी बघायला हवंच की."

आणि अंगावर शाल ओढून ती तिथंच स्टुलावर बसली.