खाडीकाठचा तंबूवाला

एसटीत मी एकतीस वर्षं गाडी चालवली. डोक्यावर पाटी असायची, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. लोक ती पाळत नसत, पण मी पाळली. कुणी काही विचारलं तर मान हलवायची, फार तर एक शब्द. रोह्याहून मुक्कामी गाडी घेऊन गेलो की दुसऱ्या दिवशी दुपारी पेणला घरी यायचो, जेवायचो आणि झोपायचो. बायको मुलीची शाळा, दुखणीखुपणी, पाहुणेरावळे सगळं एकटी बघायची. तिनं त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

निवृत्त झालो तेव्हा एका शाळेची जुनी मिनीबस विकायला होती, ती घेतली. पेणच्या एका सुताराकडून आतल्या सीटा काढून पलंग, दोन कपाटं आणि एक छोटा ओटा करून घेतला. गॅसची छोटी शेगडी, पाण्याची टाकी, छतावर सोलरचं पॅनल. आम्ही दोघं गुहागरला गेलो, गणपतीपुळ्याला गेलो, एकदा पार वेंगुर्ल्यापर्यंत. तिसऱ्या फेरीनंतर बायको म्हणाली, "हौस तुमची, कंबर माझी. पेट्रोलपंपावरचे संडास आता मला नको." मग मुलीला जुळी झाली. मुलगी नाशिकला असते. बायको तीन महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेली, त्याला आता तीन वर्षं होतील. भांडण नाही, काही नाही. तुम्हीही या, असं ती म्हणते. मी पंधरा दिवस जाऊन आलो. अकराव्या मजल्यावरचं घर, जावई कामावर, मुलगी कामावर, बायको दोन पोरांमागे. तिथे मला करण्यासारखं काही नव्हतं. परत आलो आणि पेणच्या घरात न राहता गाडीतच राहायला लागलो.

रोह्याच्या खाली नदीची खाडी होते, तिथे एका गावाबाहेर नारळ-आंब्याची वाडी आहे. मालक कुवेतला नोकरीला. वाडीत त्यानं तंबू लावायला सहा चौथरे बांधले होते, दोन न्हाणीघरं, एक नळ, शेकोटीला जागा. मी एकदा मुक्काम करायला म्हणून गाडी लावली आणि आठ दिवस राहिलो. तो तेव्हा रजेवर आला होता. जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "काका, तुम्ही इथंच का राहत नाय? येतात त्या लोकांना जरा बघा. गाडीला जागा तुमची, पाणी-वीज तुमची. पगार मात्र मला परवडायचा नाय."

मला पगार नकोच होता. कुणीतरी येईल आणि आपल्याला काहीतरी विचारेल, एवढंच हवं होतं.

गावात मला तंबूवाला म्हणू लागले. सकाळी पाचोळा झाडायचा, टाकी भरायची, वाळक्या झावळ्या तोडून शेकोटीसाठी रचायच्या. लोक आले की त्यांना सांगायचं: नारळाखाली तंबू लावू नका, बूट घालण्याआधी झटका, ओहोटीला खाडीत उतरू नका, चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून दहाबारा लोक यायचे. माझं सांगून झालं की ते "थँक्यू काका" म्हणायचे आणि आपापल्यात वळायचे. रविवारी दुपारी वाडी रिकामी व्हायची, ती पुढच्या शुक्रवारपर्यंत.

त्या मधल्या दिवसांचं काय करायचं ते मला कधीच समजलं नाही. वाडीच्या वरच्या अंगाला मालकाचं घर आहे. तिथे त्याची आई एकटी राहते. सगळं गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतं, मीही म्हणतो. पण ती तिच्या कामात असायची, आणि बाईमाणूस एकटं असताना वरचेवर जाणं मला बरं वाटत नसे. मग मी बुधवारी उगाच रोह्याला जायचो. भाजी घ्यायची आणि स्टँडवर बाकावर बसायचं. गाड्या लागायच्या, सुटायच्या. चालक सगळे नवीन, ओळखीचं एकही तोंड नाही. एकदा कंट्रोलरनं खिडकीतून विचारलं, "बाबा, कुठं जायचंय?" मी म्हटलं, "कुठं नाय." त्यानं पुढच्या माणसाकडे पाहिलं. त्यानंतर मी स्टँडवर जाणं बंद केलं.

जानेवारीतली गोष्ट. मंगळवार होता. दुपारच्या एसटीनं एक बाई उतरली आणि पाठीवर मोठी सॅक घेऊन चालत वाडीत आली. बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल, ठाण्याहून आली होती. तीन रात्री राहणार म्हणाली. मंगळवारी कुणी आलंय, तेही तीन दिवसांसाठी, याचा मला केवढा आनंद झाला ते आता लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतं. मी तिला गाडीजवळचा चौथरा दाखवला, नळ जवळ पडतो म्हणून. तिनं सगळ्यात लांबचा, खाडीकडेचा आंब्याखालचा चौथरा घेतला. तंबू तिनं एकटीनंच उभा केला. मी दोरी धरायला गेलो तर म्हणाली, "जमेल मला, काका."

चार वाजता मी चहा नेला. सहा वाजता झावळ्या नेल्या आणि शेकोटी कशी रचायची ते दाखवलं. तिला येत होतं, पण तिनं ऐकून घेतलं. मग जेवणाच्या वेळी बोंबलाचं कालवण नेलं. ती मासे खात नव्हती, म्हणून परत जाऊन पिठलं केलं आणि ते नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा, नंतर पोहे. प्रत्येक वेळी मी तिथेच एका दगडावर टेकायचो आणि सांगत बसायचो. घाटात ब्रेक निकामी झाला तेव्हा मी गाडी कशी थांबवली, पुरात अडकलेल्या गाडीत एका बाईला कळा कशा सुरू झाल्या. ती मांडीवरचं पुस्तक मिटून ऐकायची. बोट मात्र पानात तसंच ठेवायची. ते मी पाहिलं होतं. पाहूनही उठलो नाही. आल्या दिवशी मी तिला ताई आणि तुम्ही म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कधी बाळ आणि तू झालं, माझ्या लक्षातही आलं नाही.

दहाच्या सुमारास ती खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधावरून फिरायला निघाली. मी मागोमाग गेलो, ओहोटी लागतेय हे सांगायला. ती थांबली आणि वळली. "काका, मी बांधावरच आहे. खाली उतरणार नाही. तुम्ही कालच सांगितलंत." आवाज शांत होता. मी म्हटलं, "बरं बरं, सांभाळून." तरी ती वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

दुपारचं जेवून जरा डोळा लागला. उठून चहा टाकला, कप घेऊन आंब्याखाली गेलो, तर चौथरा रिकामा. तंबू नाही, सॅक नाही. पहिला विचार चिखलाचाच आला. पण सॅक घेऊन कोण चिखलात उतरेल, एवढंही डोक्यात आलं नाही. कप तिथेच ठेवून मी काठाकाठानं धावत सुटलो, "बाळ, बाळ" अशा हाका मारत. खाडीत पलीकडे एक होडीवाला जाळं ओढत होता, त्याला ओरडून विचारलं. त्यानं हातानं नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात वरून खालाचा आवाज आला.

"भाऊ, वरडतोस कशाला? इकडं ये."

मी धापा टाकत वर गेलो. खाला कुंपणाच्या बेड्याशी, बांबूच्या फाटकाशी, उभी होती. तिच्या मागे अंगणात, तुळतुळीत सारवलेल्या जागेच्या कडेला, तो तंबू होता. त्याची चेन बंद होती.

"ती हितं हाय," खाला म्हणाली. "आत पडलीय."

"हितं का आली? न्हाणीघर लांब पडेल तिला. माझा नळ..."

"नळासाठी नाय आली ती." खालानं बेडं लावून घेतलं आणि मला चार पावलं बाजूला नेलं. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "कालपासून किती वेला चाय नेलीस तिला?"

मी मोजायला लागलो आणि थांबलो.

"घाबरली काय?" मी विचारलं.

"घाबरले असं नाय बोलली. बोलली, खाला, मी दोन दिवस तुमच्या अंगणात राहू काय? तिथं कोणीतरी सारखं बघतंय असं वाटतं." मग खाला म्हणाली, "तू वाईट मानूस नाय, मला माहीत हाय. तिला कसं माहीत असनार?"

मी खाली आलो. कप तसाच चौथऱ्यावर होता, त्यात मुंग्या झाल्या होत्या. तो धुतला, पालथा घातला आणि गाडीत जाऊन दार लावून बसलो. माझी मुलगी त्याच वयाची. ती एकटी कुठे गेली असती, आणि साठीचा एक अनोळखी माणूस दर दोन तासांनी तिच्या तंबूशी येऊन बसला असता, तर मी काय केलं असतं? त्याला हाकलायला मी पेणहून गाडी काढली असती. हे मला कालपासून एकदाही सुचलं नव्हतं. मी काळजी घेतोय, असंच मला वाटत होतं. खरं तर मला कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि तिला उठून जाता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालाकडे न्हाणीघराच्या किल्ल्या दिल्या. "आज मी पेणला जातो," म्हटलं. "तिला सांगा, वाडी मोकळी आहे." खाला फक्त "जा" म्हणाली.

पेणचं घर चार महिन्यांनी उघडलं. खिडक्या उघडल्या, फडकं मारलं, पंखा लावला. बसायला गेलो तर खुर्च्या मीच एकमेकींवर रचून ठेवलेल्या. एक काढून बसलो आणि बायकोला फोन लावला. दुपारचा फोन आम्ही करत नाही, त्या वेळी पोरं झोपतात.

"काय झालं?" ती लगेच म्हणाली.

मी सगळं सांगितलं. चहा, पोहे, दगडावर बसणं, बांध, खालाचं बोलणं. काही लपवलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"आहेस ना?"

"आहे." मग ती म्हणाली, "निवृत्त झाल्यावर तुम्ही माझ्याशीही असंच करायचात."

"कसं?"

"मी अंघोळीला गेले तरी दाराबाहेर उभं राहून बोलत असायचात. भाजी निवडायला बसले की समोर. देवाची पोथी उघडली की बाजूला. एकतीस वर्षं घरात दोन शब्द नाहीत, आणि मग एकदम सगळे."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? इतक्या वर्षांनी माणूस बोलायला लागला होता."

मी विचारलं, "म्हणून गेलीस?"

"नाही. पोरीला गरज होती." मग ती म्हणाली, "पण इथे आले तेव्हा पहिले दोन दिवस फार शांत वाटलं. खोटं कशाला बोलू?"

तिकडे एक पोर उठून रडायला लागलं होतं.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"जेवेन."

"जेवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी पेणलाच राहिलो. शुक्रवारी सकाळी वाडीत आलो, गाडी लावत होतो तेव्हा ती सॅक घेऊन खालाच्या घराकडून उतरत होती. टाळता आलं असतं. मी खाली उतरलो आणि लांबच उभा राहिलो.

"मी तुम्हाला फार त्रास दिला," मी म्हटलं. "माफ करा."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ठीक आहे, काका," म्हणाली. मी वाईट माणूस नाही, असं ती काही म्हणाली नाही. मी त्याची वाट बघत होतो, हे मला तेव्हा जाणवलं. मग तिनं विचारलं, "रोह्याची गाडी किती वाजता?"

"नऊ चाळीसला. थोडी मागेपुढे होते."

स्टॉपपर्यंत सोडू का, हे तोंडावर आलं होतं, ते गिळलं. ती फाटकातून बाहेर पडली. गाडीला अजून वीस मिनिटं होती. मी आत जाऊन टाकीचा पंप चालू केला.

त्यानंतर मी एक रीत ठरवून घेतली. लोक आले की चौथरा, नळ, चिखल, नारळ एकदाच सांगायचं आणि आपल्या गाडीत जायचं. कुणी हाक मारली तर बाहेर यायचं. हाका फारशा येत नाहीत. मालकानं कुवेतहून मध्येच एकदा फोनवर सांगितलं की नेटवर कुणीतरी लिहिलंय, जागा छान आहे, पण तिथले काका जरा तुसडे आहेत. तो हसत होता. मीही हसलो.

मे महिन्यात बायको चार दिवसांसाठी आली. "गाडीत झोपणार नाही, पेणला झोपेन," असं तिनं आधीच बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी मी तिला वाडी दाखवायला आणलं. खालानं तिला ओट्यावर बसवून घेतलं. "ये गो, बस," म्हणाली. दोघींच्या मध्ये सूप होतं आणि त्यात कडवे वाल. दोघी निवडत बसल्या आणि दुपारभर बोलत राहिल्या. मधूनमधून बायकोचं हसणं खाली गाडीपर्यंत ऐकू यायचं. ती इतकी हसते, हे मी विसरलो होतो. काय बोलतात ते विचारावंसं वाटलं. वर गेलो नाही.

चौथ्या दिवशी पेण स्टँडवर तिला नाशिकच्या गाडीत बसवलं. खिडकीशी उभा राहून मी म्हटलं, "पोचलीस की कळव." ती म्हणाली, "कळवते. आणि आठवड्यातून एकदा दुपारी फोन करत जा. बोला मग हवं तेवढं, अर्धा तास." मी बरं म्हटलं. गाडी मागे घेतली, वळली आणि फाटकातून बाहेर गेली.

वाडीत परतलो तेव्हा तीन वाजले होते. सोमवार होता, शुक्रवारपर्यंत कुणाचं येणं नव्हतं. भरती लागत होती. मी झाडू घेतला आणि चौथरे झाडायला सुरुवात केली.