आबांची अकरा मिनिटं

माझ्या बापाला ज्यांनी ढकललं, त्यांनी त्याची शेवटची अकरा मिनिटं माझ्याआधी पाहिली. आजही हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी जालन्यात मस्तगडात राहते, घरीच शिवणकाम करते. आबा भोकरदनकडच्या आमच्या गावाहून एसटीनं यायचे. त्या दुपारी, माझ्या घराच्या दोन गल्ल्या अलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीशी मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांची पिशवी ओढली. आबांनी काही ती सोडली नाही. एकानं जोरात ढकललं तसे ते डोक्यावर आपटले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पिशवीत होतं तरी काय? माझ्यासाठी आणलेली मोसंबी.

दोघं सापडले, चार्जशीट दाखल झालं. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. आरोपींना कागदांच्या नकला मिळतात, तशी त्या कॅमेऱ्यातल्या चित्रणाचीही मिळाली. आणि त्यांचा वकील कोर्टात म्हणाला, म्हातारा अकरा मिनिटं पायरीवर बसून होता, पिऊन बसला असेल, आपला आपणच पडला.

माझे आबा! तंबाखू सोडली तर ज्यांना चहाचंसुद्धा व्यसन नव्हतं, ते पिऊन बसले होते म्हणे. तिथंच उठून त्याचं तोंड धरावंसं वाटलं. पण खरं सांगते, मलाही कळत नव्हतं. घर दोन गल्ल्यांवर, आणि हे तिथं बसले कशाला? चक्कर आली होती? मला फोन लावत होते? शिवाय आमच्याकडे आबांचं हलतं चित्र एकसुद्धा नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओतही ते पाठमोरेच आहेत, पंगतीत वाढताना. मला ते एकदा चालताना बघायचे होते, बस्स.

नक्कल मागायला कोर्टाच्या ऑफिसात गेले तर टेबलावरच्या बाबूंनी विचारलं, "तुमचा वकील कोण?"

"सरकारी वकील हायेत की."

"ते सरकारचे. तुमचं वकीलपत्र कुठंय?"

ते नव्हतं, आणि चूक आमचीच होती. पहिल्या तारखेलाच गावाकडचा माझा मोठा भाऊ म्हणाला होता, "सरकारी वकील आपलेच हायेत ना? दुसरा उभा केला तं त्याह्यला वाटंन, ह्यांचा आपल्यावर भरोसा न्हाई. एका लग्नाला दोन भटजी कोन बोलावतं?" मलाही ते बराबर वाटलं. भल्या माणसाचा मान राखायचा म्हणून आम्ही दर तारखेला त्यांना नमस्कार करून मागच्या बाकावर गप्प बसायचो. सात महिने असेच गेले.

माझ्याकडे एक वकीलबाई ब्लाऊज शिवायला टाकतात. माप घेता घेता त्यांच्याजवळ विषय निघाला. त्या गर्रकन वळल्या. "अहो ताई, नव्या कायद्यात पीडिताच्या बाजूलाही नक्कल मिळते. फक्त तुमचा वकील उभा पाहिजे. सात महिने काय केलंत?" टेप तशीच हातात धरून रडले. त्यांनीच मग वकीलपत्र भरलं, अर्ज केला, आणि दोन तारखांनी अर्ज मंजूर झाला.

आता एक सांगायलाच हवं. आबा माझ्या घरी कधी जेवले नाहीत. लेकीच्या पोटी लेकरू आल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आमच्यातली जुनी रीत. मला मूल नाही. चौदा वर्षं आबा यायचे अन् दारातच सांगायचे, "जेवून आल्तो बाई." पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. मी भांडायचे, अबोला धरायचे. वाटायचं, स्टँडवरच्या हॉटेलात जेवत असतील. त्या दिवशी मी मेथीची भाजी अन् गरम भाकरी करून बसले होते. म्हटलं, आज काय वाट्टेल ते होवो, सोडतच नाही.

उशीर झाला म्हणून फोन केला, तर त्यांच्या तोंडात काहीतरी होतं, शब्द नीट फुटेना. मी खेकसले, "आधी ती तंबाखू थुंका, मंग बोला!" ते हसले. "आलोच, बाई," म्हणाले. तेवढंच आमचं शेवटचं बोलणं.

वकीलबाईंच्या टेबलावर भर दुपारी ते चित्रण लावलं. आवाज नव्हताच. आबा गल्लीत शिरले. तीच चाल, डावा पाय किंचित ओढत. मी पदर तोंडात धरला. पायरीपाशी ते थांबले, फुंकर मारून धूळ उडवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पिशवीतून फडकं काढलं, सोडलं. भाकरी होती. बोटभर तुकडा मोडून बाजूच्या कुत्र्याला टाकला आणि खाली मान घालून जेवू लागले.

दोन गल्ल्यांवर माझं ताट वाढलेलं होतं.

मध्येच त्यांनी खिशातून फोन काढला. घास तोंडात तसाच. आवाज नसला तरी मला सगळं ऐकू येत होतं. मी खेकसले ते आलं, आणि आबा हसले, अगदी खांदे हलवून. फोन ठेवला. मग घाईघाईनं घास संपवायला लागले. फडकं झटकलं, पिशवीत घातलं. पंच्यानं तोंड पुसलं, मिशीला लागलेलं नीट पुसलं, टोपी सारखी केली. लेकीला कळू नये म्हणून.

"पुढचं बघू नका ताई, पुढचं कोर्ट बघेल," वकीलबाई म्हणाल्या आणि चित्र थांबवलं. ते प्यालेले नव्हते, हे आता कोर्टात दाखवता येणार होतं. मी मान हलवली आणि म्हटलं, फडकं सोडतात तिथून परत लावा.

ती नक्कल आता माझ्याकडे आहे. अजूनही लावते, तेवढीच, टोपी सारखी करतात तिथपर्यंत. पुष्कळ मोठं करून पाहिलं, पण भाकरीबरोबर काही होतं का नुसती कोरडीच खाल्ली, ते काही दिसत नाही.