साबणाचा फेस

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी डिचोलीतल्या एका कारखान्यात स्टोअरचा कारकून होतो. आमच्या फोर्कलिफ्टचं इंजिन प्रोपेन गॅसवर चालायचं आणि ते तपासायला बेळगावकडचा एक मेकॅनिक दर सोमवारी यायचा. दाढीच्या ब्रशाने तो गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा आणि उकिडवा बसून बघत राहायचा. कुणी घाई केली की म्हणायचा, “तुमचं घड्याळ तुमच्यापाशी ठेवा की.”

एकदा रेग्युलेटरजवळ बुडबुडा फुगला. त्याने सिलिंडर बंद केला आणि इंजिनाची चावी खिशात टाकली.

मॅनेजर धावत आले. “माल भरूक ट्रक भायर उभो आसा मरे! कर चालू!”

“गळतंय, साहेब. वॉशर बदलल्याबिगर हुणार न्हाई.”

“माका दुसरो मेकॅनिक गावतलो!”

त्याने तपासणीच्या वहीत ‘गॅस गळतो’ असं लिहून सही केली आणि वही पुढे धरली. “याच्याखाली ‘तरी चालवा’ लिहा, सही करा. चावी देतो.”

मॅनेजरनी वही माझ्याकडे ढकलली. “तू कर. तूच करता मरे दर सोमाराक!”

खरंच होतं. आजवर त्या वहीत मेकॅनिकच्या सहीखाली मी न बघताच सही ठोकत आलो होतो. मी पेनाला टोपण लावलं आणि त्या मेकॅनिकशेजारी उकिडवा बसलो.