मोडायचं कुठं

स्तुर्ला केटिलसनला खुर्चीत बसलेला मी क्वचितच पाहिला असेल. कॉफी घेतो तीही उभ्यानं, कप हातात धरून, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून परत खिडकीपर्यंत. अर्धी पोटात, अर्धी माझ्या फरशीवर. बंदरात बोटींची एंजिनं दुरुस्त करायचा तेव्हा बोटवाले म्हणायचे, ह्याला एंजिनालाच बांधून घाला, न्हाईतर काम अर्धं टाकून पाण्यावरनं चालत जाईल. त्याची आई सांगायची, पाळण्यातसुद्धा पोरगं टिकलं नाही. त्यामुळं त्याच्या दोस्ताच्या, ओर्मुरच्या पायामुळं तो असा झाला असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. अस्वस्थपणा त्याचा जन्माचाच. ओर्मुरच्या पायानं त्या अस्वस्थपणाला एक काम दिलं, इतकंच.

व्हाट्नायोकुल हिमनदीचा बर्फ आमच्या गावाच्या डोक्यावरच आहे. तरुणपणी स्तुर्ला आणि ओर्मुर मोठ्या चाकांची जीप घेऊन वर गेले होते. पार मधोमध मागच्या एक्सलच्या पोटातलं क्राऊन-पिनियन फुटलं. एंजिनाची ताकद चाकांकडं वळवणारी ती दोन दातेरी चाकं; उघड्यावर, वाऱ्यात, गोठल्या बोटांनी ती बदलता येत नाहीत. वादळ थांबेपर्यंत दोघं गाडीत अडकून पडले. ओर्मुरच्या एका पायाची काही बोटं गेली. ओर्मुर त्याचा बाऊ करत नाही. गावच्या गरम पाण्याच्या तलावात तो उरलेली बोटं हलवून पोरांना हसवतो. पण स्तुर्ला त्या दिवसापासून एकच प्रश्न घेऊन फिरतोय. मोठ्या चाकाला पुरेसा मजबूत एक्सल म्हणजे किती मजबूत?

मध्ये बरीच वर्षं गेली. मग आमच्या बचाव पथकाच्या जीपला नवी चाकं आली. वर्षअखेरीला गावाला फटाके विकायचे आणि त्यावर पथक चालवायचं ही आमची रीत, आणि त्या साली लोकांनी आभाळ पेटवलं होतं. चाकं उभी केली तर माझ्या छातीला लागायची. जीप चालवणार होती स्तुर्लाची लेक हाल्बेरा. एरवी ती विजेच्या खांबांवर चढून तारा ओढते. भीती कशाशी खातात ते तिला माहीत नाही, आणि बापाला तीच भीती.

"जुने एक्सल ह्या चाकांना पुरायचे न्हाईत," स्तुर्ला चाकांभोवती घिरट्या घालत म्हणाला. "चाक वाढलं की पिळायचा दांडा वाढला. ओला टॉवेल पिळावा तसा आतला शाफ्ट, चाक फिरवणारी सळई, पिळून निघंल."

"मग शाफ्ट चांगल्या पोलादाचे घालू. हौसिंगला, म्हंजे बाहेरच्या कवचाला, पट्ट्या मारू. एक्सल हेच ठेवू," हाल्बेरा म्हणाली.

"माझ्याकडं हायेत की एक्सल."

त्याच्याकडं होतेच. शेडमागं ताडपत्रीखाली, एका अमेरिकन ट्रकचे. ओर्मुरची बोटं गेली त्याच साली आणलेले. दर उन्हाळ्यात त्यांना तेल लावायचा.

हाल्बेरानं ताडपत्री उचलून पाहिलं आणि परत टाकली. "बाबा, हे एक्सल न्हाईत. हे बोटीचे नांगर हायेत."

"पण मोडणार न्हाईत."

"मोडणार न्हाईत. बुडणार."

"पोरी, तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता तवा..."

"तवा ओर्मुरची बोटं गेली. ठाऊक हाय. दर जेवणाला मटणाच्या रश्श्याबरोबर तेच वाढतोस."

शेड त्याची, वेल्डिंगचं मशीन त्याचं, त्यामुळं एक्सलही त्याचेच बसले. एक घोडा पाठीवर घेतल्यासारखी जीप जड झाली. पण शरद ऋतूत त्यानं ती दगडांवर चढवली, नद्यांतून काढली, लाव्ह्याच्या खडकांत मुद्दाम अडकवली आणि बाहेर ओढली. काही मोडलं नाही. बंदरावर दिसेल त्याला सांगत सुटला. त्या महिन्यात तो माझ्याकडं एकदा चक्क बसला होता. खुर्चीच्या काठावर, पण बसला.

मग बर्फ पडला. ओला, जाड, वजनाखाली धसणारा. आमच्याकडं अशा बर्फात चाकांतली हवा सोडतात, चाक भाकरीसारखं पसरेपर्यंत, म्हणजे गाडी बर्फावर तरंगते. सगळ्यांनी सोडली. सगळ्यांच्या गाड्या पुढं गेल्या. पथकाची जीप पोटापर्यंत खाली गेली आणि तिथंच बसली.

दोर लावून तिला बाहेर काढली ती ओर्मुरनं, त्याच्या गंजक्या, हलक्या जीपनं. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "स्तुर्ला, एक्सल लई मजबूत हायेत रे तुझे! पण हायेत कुठं? दिसंनात!"

परत येताना हाल्बेरा ओर्मुरच्या जीपमध्ये जाऊन बसली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं असं स्तुर्लानं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच त्यानं ते एक्सल उतरवले. हलके, जुनेच एक्सल परत आले. आत नवे शाफ्ट, बाहेर पट्ट्या, लेकीनं सांगितलं होतं तसं. जीप आता तरंगायची. गावाला वाटलं, संपलं. स्तुर्लाची खरी उलघाल तिथून सुरू झाली.

एका दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात शिरला. मी पथकाचा वायरलेस सांभाळते, त्यामुळं पथकाचं प्रत्येक दुखणं आधी माझ्या टेबलावर येतं. मी नुकतीच क्लाइनुर तळली होती, शंकरपाळ्याच्या चुलत बहिणी म्हणा, पिळाच्या. त्यानं ताट बाजूला सारलं आणि दोन लोखंडी वाट्या टेबलावर आपटल्या.

"दिर्फिना, ह्या बघ."

"तेल पुसून ठेव. टेबलक्लॉथ हाय तो."

ते हब होते. पुढच्या चाकाच्या मधोमध, बाहेरच्या बाजूनं बसतात. हबनं धरलं तरच पुढचं चाक शाफ्टशी जोडलं जातं. एका बाजूचा हब तुटला की सगळी ताकद तिकडंच वाया जाते आणि पुढचं दुसरं चाकही ओढत नाही. एक साधा होता. दुसरा त्यानं खास पोलादाचा बनवून घेतला होता.

"हा मोडणार न्हाई," तो खास हबावर बोट ठेवून म्हणाला.

"मग हाच बसव."

"बसवला तर झटका आत जाईल. शाफ्टला, न्हाईतर त्याच्या पुढं, पोटातल्या पिनियनला. आत मोडलं की संपलं, बसा वर बोटं मोजत." तो खिडकीपर्यंत गेला, परत आला. "हलक्या एक्सलवर मोठं चाक म्हणजे कायतरी मोडणारच. आपल्या हातात येवढंच, मोडायचं कुठं ते ठरवायचं. हा साधा मोडला तर बाहेरच मोडतो. हातमोजे घालून बदलता येतो."

"मग साधा बसव. त्यात काय येवढं?"

"त्यात काय?" तो माझ्यावरच भडकला. "लेक वर जाणार. तिच्या हातात मी मोडणारी वस्तू देऊ? जाणूनबुजून?"

मी ताटातली एक क्लाइना पुढं केली. त्यानं ती घेतली आणि न खाताच खिशात टाकली.

मग काही दिवस त्याच्या अंगणात एकच खेळ चालला. पुढचं चाक वळवून मोठ्या धोंड्याला भिडवायचं आणि हाल्बेरानं एंजिनाला जोर द्यायचा, हब जाईपर्यंत. 'टक्' असा एकच आवाज यायचा. स्तुर्ला कान चाकाला लावून बसायचा. मग हातमोजे घालून, डोळे मिटून, तिनं नवा हब बसवायचा.

"वारा न्हाई म्हणून जमतंय तुला," तो म्हणायचा.

"मग आण वारा."

त्यानं बादलीभर बर्फ तिच्या कॉलरमध्ये ओतला. तिनं शिव्या दिल्या त्या बंदरापर्यंत ऐकू आल्या, पण हब खाली पडू दिला नाही.

शेवटी जीपवर साधेच हब बसले आणि पेटीत दोन जास्तीचे. तरी एकदा पथकाच्या शेडसमोर मला तो दिसला. जीपच्या पुढच्या चाकाशी उकिडवा, पाना एका हातात आणि तो खास हब दुसऱ्या.

"बसवू का गं, दिर्फिना?"

"मला इचारून बसवणार हायेस का?"

त्यानं पाना खाली ठेवला. मग उठला, हब खिशात घातला आणि निघून गेला. बसवला नाही एवढं मी पाहिलं. पण शेडची किल्ली त्याच्याकडंही होतीच.

मार्चमध्ये, दुपारचं जेवण व्हायचं होतं, तेव्हा वरून हाक आली. बर्फाची जाडी मोजायला गेलेल्या माणसाची मांडी मोडली होती. ढग खाली उतरलेले, हेलिकॉप्टर उडेना. हाल्बेरा आणि तिचा जोडीदार ब्यार्त्मार जीप घेऊन गेले. स्तुर्ला तळावर, म्हणजे माझ्या वायरलेसच्या खोलीत आला आणि चालू लागला. ओर्मुर कोपऱ्यात वाळवलेला मासा लोण्यात बुडवून खात बसला होता.

"बस की लेका. जमीन झिजंल."

"तू खा."

बराच वेळ नुसती खरखर. मग तिचा आवाज आला, वाऱ्यात फाटलेला. "तळ, मी हाल्बेरा. पुढचं गेलं. दोन्ही चाकं मेली. रुतलोय."

स्तुर्लानं माझ्या हातातून माइक ओढला. "आवाज कसा आला?"

"तू आधी 'ओव्हर' म्हण, मग मी..."

"मसणात गेलं ओव्हर! आवाज कसा आला?"

मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होते. ओर्मुरचं चावणं थांबलं होतं. स्तुर्लाचा दुसरा हात खिशात होता. तो बाहेर आला तेव्हा मुठीत तो खास हब होता, आणि मला कळलं की जीपवर साधाच आहे. तरी शाफ्ट आतून गेला असेल तर आज लेक वरच राहणार होती, मांडी मोडलेल्या माणसापाशी न पोचता.

"टक्," ती म्हणाली. "एकदाच. अंगणातल्यासारखा. डावा."

"करकर न्हाई? पोटातनं?"

"न्हाई म्हणते ना, बाबा. ब्यार्त्मार पाठ लावून वारा अडवतोय. हब माझ्या हातात हाय. आता गप बस, मला दोन्ही हात लागतात."

तो गप बसला, म्हणजे बोलला नाही. पाय चालूच होते. माझा कप उचलला, प्याला नाही, परत ठेवला, भलत्याच जागी, काठावर. तो पडला, फुटला. कुणी वाकलं नाही. ओर्मुरनं बूट काढला होता आणि नकळत आपली बोटं चोळत होता.

खरखर. मग एंजिनाचा आवाज, आणि मग ती. "तळ, चारी चाकं ओढतायत. निघालो."

ओर्मुरनं मोठ्यानं श्वास सोडला. "आता तरी बस, स्तुर्ला."

"आता पेटीत एकच राहिला," स्तुर्ला म्हणाला आणि पुन्हा चालू लागला.

तो एक लागला नाही. उजेड असतानाच जीप खाली आली. जखमी माणसाला रुग्णवाहिकेत चढवलं, आणि हाल्बेरानं खिशातून मोडका हब काढून बापाकडं फेकला. "घे. मोडली तुझी वस्तू."

त्यानं तो झेलला, तुटलेल्या दात्यांवरून अंगठा फिरवला. "बरी मोडली," एवढंच म्हणाला. तिच्या गोठलेल्या हातमोज्यावरचा बर्फ झाडला, गरज नसताना, दोनदा. मग लगेच गुडघ्यावर बसून उजव्या चाकाशी कान लावला. "हे पण फिरव बरं जरा. मला काय हे नीट वाटंना."

"बाबा, मला भूक लागलीय."

"फिरव म्हणतो ना."

तिनं फिरवलं.

तो खास हब माझ्या खोलीतच राहिला. वाऱ्यात दार आपटू नये म्हणून मी तो दारापाशी ठेवते. स्तुर्ला येता-जाता त्याला पायानं सरकवून दार किती हलतं ते बघतो, पुन्हा जागेवर ठेवतो, आणि कप हातात घेऊन खिडकीकडं चालायला लागतो.