नळवाल्या सरांचा कागद
तंत्रनिकेतनातल्या कॉम्प्युटर लॅबच्या सरांना पोरं मागून 'नळवाले सर' म्हणायची. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेतला पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्याकडे नेणारी वाट, शिकवताना सर आधी फळ्यावर एक लांबलचक नळी काढत. एका टोकाला पॅरेंट, म्हणजे आधीपासून चालू असलेला प्रोग्राम. दुसऱ्या टोकाला चाइल्ड, त्यानेच जन्माला घातलेला. "बापाने इकडून सांगायचं, लेकराने तिकडून ऐकायचं. लेकराला उलट बोलायचं असेल तर त्याने दुसरी नळी टाकून घ्यावी!" या विनोदावर दर वर्षी सर स्वतःच आधी हसत. मग पोरं हसत, कारण प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते.

या धड्यासाठी सरांचा एक कागद होता. स्वतः लिहिलेला चाळीस ओळींचा प्रोग्राम, बारा वर्षं झेरॉक्स होऊन होऊन फिकट पडलेला. बाप नळीत 'जेवलीस का?' लिहितो, लेक ते एकदा वाचून पडद्यावर छापते, खेळ खलास. कागद कधी चुकला नव्हता. पोटच्या पोरीचं नसेल तेवढं कौतुक सरांना त्या कागदाचं होतं, आणि ही काही अतिशयोक्ती नव्हे.

पोटची पोर सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गात होती. आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, असं कोणी म्हणू नये म्हणून सरांनी म्हणच उलटी करून टाकली. वर्गातली सगळी कार्टी त्यांचे बाब्ये झाली आणि स्वतःची लेक तेवढी कार्टी. लॅबमध्ये ती त्यांना 'सर' म्हणे. घरीही कधी कधी चुकून म्हणून जाई.

शेवटच्या प्रॅक्टिकलला प्रश्न आला: बापाचं सगळं सांगून होईपर्यंत लेकराने वाचत राहावं. बाकीच्यांनी सरांचा कागद जसाच्या तसा उतरवला, एकदा वाचलं, एक ओळ छापली आणि पास झाले. सरांच्या लेकीने मात्र प्रश्न नीट वाचला होता. तिने त्याच कागदावरून प्रोग्राम लिहिला, पण चाइल्डला शेवटपर्यंत वाचायला लावलं. पडद्यावर सगळ्या ओळी उमटल्या आणि पुढे कर्सर नुसता लुकलुकत राहिला. प्रोग्राम संपेचना.

बाहेरून आलेले परीक्षक मागेच उभे होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सर म्हणाले, "घरातच मास्तर, तरी ही गत! घोकंपट्टी केली की असंच होतं. ऊठ." वर्ग खो खो हसला. सरांनी शून्य दिलं आणि बघा आम्ही किती निःपक्ष, अशा नजरेने परीक्षकांकडे पाहिलं. लेक त्या विषयात नापास झाली आणि पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. आता ती दोन गल्ल्या पलीकडे एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करते. "तिला कॉम्प्युटर झेपला नाही," असं सर लोकांना सांगत.

यंदा लॅबला एक नव्या मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो कागद वाचला.

"सर, इथे चाइल्डने लिहायचं टोक बंद केलेलं नाही."

"बारा वर्षं चालतोय तो प्रोग्राम."

"एकदाच वाचलं तर चालेल. पण शेवटपर्यंत वाचायला गेलं की अडकेल. नळीची दोन्ही टोकं दोघांकडेही असतात ना? बापाने लिहायचं टोक बंद केलं तरी लेकराच्या हातातलं उघडंच राहतं. आणि ते उघडं आहे तोवर वाचणारा बसतो वाट बघत, अजून काहीतरी येईल म्हणून."

सरांनी करून दाखवतो म्हणत तोऱ्यात मशीन चालू केलं आणि चाइल्डला शेवटपर्यंत वाचायला लावलं. ओळी उमटल्या. कर्सर लुकलुकत राहिला. हा पडदा त्यांनी आधी पाहिला होता. त्यांनी चाइल्डच्या बाजूला टोक बंद करणारी एक ओळ घातली, आणि प्रोग्राम झटक्यात संपला.

"होतं असं," म्हणत मॅडम चहाला निघून गेल्या. सर तिथेच बसून राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. चूक काय, कोणाचीही होते. लाज वाटत होती ती त्या हसण्याची, आपणच पोरांना पुरवलेल्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा! सहा वर्षं ते पोरीच्या डोक्यात खोट शोधत होते आणि खोट त्यांच्या कागदात होती.

दुपारी ते दुकानात गेले. लेक यंत्रावर काच घासत होती.

"बाबा? चष्मा मोडला का?"

सरांनी नाही म्हणून मान हलवली आणि कागद काउंटरवर ठेवला. लेकीने हात पुसले, कागदाकडे पाहिलं, काचेवर खूण करायची पेन्सिल उचलली आणि जराही न अडखळता नेमक्या जागी ती एक ओळ लिहिली.

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी सापडलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"परीक्षकांना सांगितलं असतं तर तुमचा कागद खोटा पडला असता. तुम्हाला सांगायला दोनदा आले होते. तुम्ही म्हणालात, कारणं सांगू नकोस."

म्हणाले असतील. सरांना ते आठवतही नव्हतं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"चुकलो गं मी. ते शून्य माझं होतं."

"मला एकटीला सांगून काय उपयोग, बाबा? हसला तर वर्ग होता." एवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती तिकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर नळी काढली, पण विनोद केला नाही. "या कागदात चूक आहे," ते म्हणाले. "बारा वर्षं आहे. एका मुलीने यावर विश्वास ठेवला, म्हणून तिचा प्रोग्राम अडकला. प्रश्न खरा सोडवणारी ती एकटीच होती. मी तिला शून्य दिलं आणि सगळ्यांना तिच्यावर हसायला लावलं."

तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला, "सर, कोण होती ती?"

'होती एक' म्हणून सुटता आलं असतं. सरांच्या जिभेवर ते आलंही होतं.

"माझी मुलगी," सर म्हणाले.

मग ते वर्गाकडे तोंड करून तसेच उभे राहिले, आता कोणीतरी हसेल म्हणून. कोणीच हसलं नाही.